अमेरिकेतल्या स्टेट युनिव्हर्सिटीत पहिल्या वर्षाला प्रवेश: नववीच्या विषयांपासून आय-२० पर्यंत

अमेरिकेतली स्टेट युनिव्हर्सिटी त्या त्या राज्याच्या करदात्यांची असते. प्रवेशाचे जवळपास सगळे नियम या एका गोष्टीतून निघतात. राज्यातल्या मुलांना झुकतं माप, बाहेरच्यांना दुप्पट-तिप्पट फी, किमान पात्रता आधीच जाहीर केलेली, आणि अर्जांचा ढीग एवढा की आधी विद्यार्थ्याने स्वतः भरलेल्या माहितीवर निर्णय आणि कागदांची पडताळणी नंतर. खाजगी विद्यापीठांसाठी दिलेला सल्ला इथे आंधळेपणाने वापरला की घोटाळा होतो. उदाहरणार्थ, शिफारसपत्रांसाठी शिक्षकांच्या मागे दोन महिने धावायचं आणि मग कळायचं की त्या विद्यापीठाला ती नकोच आहेत.

या लेखात मुख्य उदाहरण कॅलिफोर्नियाचं घेतलं आहे, कारण तिथले नियम सर्वांत स्पष्ट लिहिलेले आहेत. इतर राज्यांत जिथे मोठा फरक आहे तिथे तो सांगितला आहे. महाराष्ट्रातून बारावीनंतर थेट जाऊ पाहणारे आणि आईवडिलांच्या व्हिसावर तिकडेच शाळेत असलेले, अशा दोन्ही प्रकारच्या मुलांचा विचार केला आहे.

आधी बघा, तुम्ही 'फ्रेशमन' आहात का

प्रश्न बावळट वाटेल, पण इथेच अनेकांचा अर्ज चुकीच्या खिडकीत जातो. यूसी म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया अशाच विद्यार्थ्याला फ्रेशमन मानते, ज्याने बारावीनंतर कुठल्याही कॉलेजात नियमित सत्रासाठी नाव घातलेलं नाही. बारावीनंतर एक वर्ष जेईईसाठी घरी बसलात तर तुम्ही फ्रेशमनच. पण हातात काहीतरी असावं म्हणून एखाद्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेश घेऊन पहिलं सत्र सुरू केलंत, की तुम्ही ट्रान्सफर, म्हणजे दुसऱ्या कॉलेजातून येणारे विद्यार्थी होता. यूसीमध्ये ट्रान्सफरच्या जागा प्रामुख्याने तिथल्याच कम्युनिटी कॉलेजातून (दोन वर्षांच्या स्थानिक सरकारी कॉलेजातून) दोन वर्षं पूर्ण करून येणाऱ्यांसाठी असतात. भारतातून एक वर्ष करून येणाऱ्याची अवस्था मग ना घर का ना घाट का अशी होते. कॉलेजात नाव होतं हे लपवू नका. लपवलेलं कॉलेज नंतर उघड झालं तर प्रवेश रद्द होतो.

अकरावी-बारावीचं 'ज्युनिअर कॉलेज' हे मात्र अमेरिकेच्या हिशेबाने हायस्कूल आहे. अर्जात 'कॉलेजात शिकलात का' या प्रश्नाला त्यावरून 'हो' म्हणू नका.

राज्यातले की बाहेरचे

हा शिक्का दोन गोष्टी ठरवतो: प्रवेशाची पायरी किती उंच आणि फी किती. यूसीला कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला किमान ३.० जीपीए (ग्रेडची सरासरी, ए म्हणजे ४) लागतो, बाहेरच्याला ३.४. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी म्हणजे सीएसयू ही त्याच राज्यातली वेगळी आणि मोठी यंत्रणा आहे. तिथे हेच आकडे २.५ आणि ३.० आहेत. टेक्सासच्या कायद्यानुसार ऑस्टिनच्या विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या किमान ९० टक्के जागा टेक्सासच्या मुलांना जातात. उरलेल्या १० टक्क्यांत बाकीची अमेरिका आणि सगळं जग. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने २०२१ साली बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो इथल्या बाहेरच्यांचा वाटा टप्प्याटप्प्याने १८ टक्क्यांवर आणायचं ठरवलं. त्यामुळे 'अमुक विद्यापीठात इतके टक्के अर्जदार घेतात' हा एकच आकडा बघून अंदाज बांधू नका. तुमच्या गटाचा आकडा शोधा.

फीचा फरक केवढा? यूसीमध्ये २०२४-२५ साली नव्याने आलेल्या, राज्याबाहेरच्या विद्यार्थ्याला नेहमीच्या फीच्या वर ३४,२०० डॉलर जादा भरावे लागत होते. ही फक्त एका वर्षाची जादा रक्कम, राहणं-खाणं वेगळं.

तिकडे राहणाऱ्या कुटुंबांसाठी एक मुद्दा. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेले आईवडील आणि एच-४ या कुटुंबीयांच्या व्हिसावरचं मूल कॅलिफोर्नियात फीपुरते रहिवासी ठरू शकतात. एफ-१ (विद्यार्थी) किंवा बी (पर्यटक) व्हिसावर ते होत नाही. अट अशी की सत्राआधी ३६६ दिवस राज्यात प्रत्यक्ष वास्तव्य हवं आणि तिथेच कायम राहण्याचा इरादा कागदावर दिसायला हवा: राज्याचं करविवरण, वाहन परवाना, घराचा करार. हे आपोआप होत नाही. प्रवेश मिळाल्यावर विद्यापीठ रहिवासाचं निवेदन भरून मागतं. ते न भरणाऱ्याला बाहेरचा धरून बिल येतं. एच-४ च्या मुलाला राज्याचा दर मिळाला तरी अमेरिकेच्या केंद्र सरकारची आर्थिक मदत मिळत नाही, हेही आधीच धरून चला.

विषय: इथे दुरुस्तीची संधी सर्वांत कमी

गुण शेवटच्या वर्षी वाढवता येतात, निबंध रात्रीत बदलता येतो. न घेतलेला विषय मात्र नंतर भरून काढणं अवघड. यूसी आणि सीएसयू दोघांचीही विषयांची यादी एकच आहे. तिला 'ए-जी' म्हणतात, कारण विषयगटांना ए पासून जी पर्यंत अक्षरं दिली आहेत. एकूण १५ वार्षिक विषय लागतात. इतिहास-समाजशास्त्र २ वर्षं, इंग्रजी ४, गणित ३, प्रयोगशाळेसह विज्ञान २, इंग्रजीखेरीज दुसरी भाषा २, दृश्य किंवा प्रयोगजीवी कला १, आणि यापैकीच कुठला तरी जादा विषय १. यूसीसाठी १५ पैकी ११ विषय शेवटच्या वर्षाआधी पूर्ण झालेले हवेत. प्रत्येकात किमान 'सी' ग्रेड. गणिताचं चौथं आणि विज्ञानाचं तिसरं वर्ष 'शिफारस' म्हणून लिहिलेलं असतं. इंजिनिअरिंगला अर्ज करणाऱ्याने ती शिफारस सक्ती समजावी.

अमेरिकेतल्या शाळेत असाल तर तुमच्या शाळेचा कुठला वर्ग यादीत धरला जातो हे शाळेनुसार बदलतं. कॅलिफोर्नियातल्या प्रत्येक शाळेची मान्य विषयांची यादी यूसीच्या संकेतस्थळावर आहे. तिथे नाव नसलेला वर्ग कितीही अवघड असला तरी यादीत मोजला जात नाही. नववीत शिरतानाच ही यादी उघडा. सातवी-आठवीत केलेलं बीजगणित आणि परकीय भाषा विषयांच्या अटीत धरतात, जीपीएत धरत नाहीत. गणिताच्या खालच्या वर्गात 'डी' मिळाला असेल तर वरच्या वर्गातल्या 'सी'ने तो बहुधा भरून निघतो, पण भूमिती त्याला अपवाद आहे. भूमितीचा वर्ग स्वतंत्र पूर्ण करावाच लागतो.

आता महाराष्ट्र बोर्डाचा विद्यार्थी या यादीवर कुठे बसतो ते बघू. इंग्रजी नववी ते बारावी सलग असतं, ४ वर्षं झाली. इतिहास-भूगोल नववी-दहावीत, २ वर्षं झाली. मराठी किंवा हिंदी हीच तुमची 'इंग्रजीखेरीज भाषा'. त्यासाठी फ्रेंच-जर्मन शिकायची गरज नाही. अडतं ते गणितात. कॉमर्सला गणित न घेतलेल्याचं, किंवा सायन्सला फक्त बायोलॉजी घेऊन गणित सोडलेल्याचं, गणित नववी-दहावीवर थांबतं. म्हणजे २ वर्षं, तीनची अट अपुरी. मेडिकलच्या हिशेबाने गणित सोडलं आणि वर्षभराने अमेरिकेचा विचार डोक्यात आला, तर हाच खड्डा समोर येतो. अकरावीला विषय निवडताना अमेरिकेची एक टक्का जरी शक्यता असेल तरी गणित ठेवा.

कलेचं एक वर्ष ही दुसरी अडचण. शाळेच्या गुणपत्रकावर चित्रकला किंवा संगीत ग्रेडसह छापलेलं असेल तर ते विषय म्हणून भरा. एलिमेंटरी-इंटरमीजिएट ड्रॉइंगच्या परीक्षा शाळेचा विषय नव्हेत, त्या पुरस्कार-उपक्रमांत जातात. कलेचा विषयच उपलब्ध नव्हता असं असेल तर अर्जातल्या अधिक माहितीच्या चौकटीत ते दोन ओळींत लिहा. परदेशी अर्जदाराची यादी 'समकक्ष' म्हणून वाचली जाते, त्यामुळे एवढ्या कारणाने अर्जच न करणं हा वेडेपणा आहे.

जीपीए: स्वतः मोजून बघा

शाळेच्या रिपोर्टवर छापलेला जीपीए आणि यूसी मोजते तो जीपीए यांत फरक असतो. यूसी नववीनंतरच्या उन्हाळ्यापासून अकरावीनंतरच्या उन्हाळ्यापर्यंतचेच ग्रेड घेते, आणि तेही फक्त ए-जी विषयांचे. नववीत 'सी' चालतो, तो सरासरीत येत नाही. ए म्हणजे ४, बी ३, सी २, डी १. अधिक-उण्याची चिन्हं सोडून देतात, 'ए उणे' हाही ४ च. एपी, आयबी (हायस्कूलमध्येच कॉलेजच्या तोडीचे अभ्यासक्रम) किंवा मान्यताप्राप्त ऑनर्स (वरच्या पातळीच्या) वर्गात सी किंवा वरचा ग्रेड असेल तर सत्रामागे एक जादा गुण. पण जादा गुण एकूण ८ सत्रांपुरतेच, आणि त्यांतले दहावीचे जास्तीत जास्त ४.

समजा दोन वर्षांत दर सत्राला पाच असे एकूण २० ग्रेड आहेत: १२ ए, ६ बी, २ सी. बेरीज ४८ + १८ + ४ म्हणजे ७०, भागिले २०, सरासरी ३.५०. या मुलीने दहावीत एक आणि अकरावीत चार एपी विषय घेतले, म्हणजे एपीची १० सत्रं, सगळ्यांत सी किंवा वर. शाळा तिला १० जादा गुण देऊन ४.०० दाखवेल. यूसी ८ वर थांबते, ७८ भागिले २०, म्हणजे ३.९०. एपीचे पाचवे-सहावे वर्ग वाया गेले असं नाही, अर्ज वाचणाऱ्याला ते दिसतातच. आकडा मात्र वाढत नाही. कॅलिफोर्नियाबाहेरच्या शाळेतल्या 'ऑनर्स' वर्गांना जादा गुण नाहीच, तिथे फक्त एपी आणि आयबी.

आणि ३.० किंवा ३.४ ही उंबरठ्याची उंची आहे. बर्कलीत किंवा लॉस एंजेलिसला निवडलेल्यांचे ग्रेड त्याच्या कितीतरी वर असतात. टेक्सासची पद्धत याहून वेगळी. तिथे राज्यातल्या शाळेत वर्गात वरच्या ठरावीक टक्क्यांत आलेल्या मुलांना कायद्याने प्रवेश मिळतो. १९९७ च्या कायद्यात हा आकडा १० टक्के होता. ऑस्टिनसाठी तो कमी होत गेला आणि २०२६ च्या प्रवेशापासून ५ टक्के झाला. ही हमी विद्यापीठातल्या जागेची आहे, कॉम्प्युटर सायन्सच्या जागेची नाही.

टक्क्यांचं काय करायचं

काहीही करू नका. ७८ टक्क्यांना स्वतःच भागून-गुणून ३.१ लिहिणं ही भारतीय अर्जांतली सर्वांत सामान्य चूक. गुणपत्रकावर जे छापलं आहे तेच, त्याच मोजपट्टीत, विषयवार लिहा. रूपांतर करणारी माणसं विद्यापीठात बसलेली असतात. ८५ म्हणजे अमेरिकेतला 'बी', असं परस्पर समजून तुम्ही 'बी' भरलात तर नुकसान तुमचंच.

कागद जमवताना महाराष्ट्रात एक खास अडचण येते. नववी-दहावी एका शाळेत आणि अकरावी-बारावी दुसऱ्याच ज्युनिअर कॉलेजात. अमेरिकेला चारही वर्षांचा हिशेब लागतो, म्हणजे दोन संस्थांची ट्रान्सक्रिप्ट (अधिकृत विषयवार गुणपत्रकं). नववीचं प्रगतिपुस्तक बहुतेक घरांत सापडत नाही. दहावीनंतर शाळा सोडल्याचा दाखला घेतानाच नववीच्या वार्षिक निकालाची सही-शिक्क्याची प्रत मागून ठेवा. त्या वेळी क्लार्ककडे रजिस्टर हाताशी असतं, दोन वर्षांनी ते गोदामात गेलेलं असतं. अकरावीचा निकालही कॉलेजच्या लेटरहेडवर विषयवार हवा. नुसतं 'उत्तीर्ण, बारावीत बढती' चालत नाही.

नावाचा गोंधळ तेव्हाच मिटवा. बोर्डाच्या गुणपत्रकावर आडनाव पहिलं, मग स्वतःचं, मग वडिलांचं, आणि आईचं नाव वेगळ्या ओळीत. पासपोर्टवर आडनाव एका रकान्यात आणि उरलेलं सगळं दुसऱ्या रकान्यात. एसएटी (प्रवेश परीक्षा), टोफेल (इंग्रजीची परीक्षा), अर्ज या सगळीकडे पासपोर्टप्रमाणेच नाव भरा, अक्षर न् अक्षर. एका ठिकाणी वडिलांचं नाव आहे आणि दुसरीकडे नाही, एवढ्यावरून परीक्षेचे गुण अर्जाला जोडले जात नाहीत. मग 'तुमचे गुण मिळालेले नाहीत' अशी ईमेल येत राहते.

एसएटी द्यायची की नाही

यूसी आणि सीएसयू पहिल्या वर्षाच्या निवडीत एसएटी किंवा तिच्यासारखीच एसीटी ही परीक्षा बघतच नाहीत. १६०० पैकी १५८० असले तरी तिथे त्याचा उपयोग नाही. फ्लोरिडाच्या सरकारी विद्यापीठांना मात्र परीक्षा लागतेच. जॉर्जिया टेकला लागते, इंडियानातल्या पर्ड्यूला लागते, आणि ऑस्टिनने २०२५ च्या प्रवेशापासून ती पुन्हा सुरू केली. अनेक विद्यापीठं मधल्या मार्गावर आहेत: दिली तर बघू, नाही दिली तरी हरकत नाही. म्हणून आधी विद्यापीठांची यादी, मग परीक्षेचा निर्णय. उलट क्रमाने गेलात तर निम्मी मेहनत फुकट जाऊ शकते.

परीक्षा आता संगणकावर, २ तास १४ मिनिटांची. इंग्रजीचे ५४ प्रश्न ६४ मिनिटांत, गणिताचे ४४ प्रश्न ७० मिनिटांत. प्रत्येक विभागाचे दोन भाग असतात आणि पहिल्या भागातल्या कामगिरीवर दुसऱ्याची काठिण्यपातळी ठरते. त्यामुळे सुरुवातीच्या सोप्या प्रश्नांत घाई करून केलेल्या चुका महाग पडतात. आपल्याकडच्या मुलांचं गणित बहुधा निभावतं, उतारे वाचण्याची सवय नसल्याने इंग्रजीचा भाग ओढतो. अकरावीच्या शेवटी पहिला प्रयत्न करा. म्हणजे गरज पडली तर ऑगस्ट-ऑक्टोबरात दुसरा करता येतो.

इंग्रजीचा पुरावा

इंग्रजी माध्यमात तीन किंवा अधिक वर्षं शिकलेल्याला यूसी बहुधा टोफेल-आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षा मागत नाही. दहावीपर्यंत मराठी माध्यम आणि अकरावीपासून इंग्रजी, अशांची मात्र बारावीअखेर दोनच वर्षं भरतात. त्यांनी परीक्षा द्यायची आहे असंच धरून चालावं. आयईएलटीएसमध्ये ६.५ हा यूसीचा किमान आकडा आहे. टोफेलची मोजपट्टी जानेवारी २०२६ पासून १ ते ६ अशी झाली आहे. विद्यापीठाच्या पानावर जुना १२० पैकीचा आकडा दिसला तर नव्या पट्टीवर तो किती होतो ते तपासा.

अर्ज भरणं

पदवीचं शिक्षण देणाऱ्या यूसीच्या नऊ कॅम्पसना मिळून एकच अर्ज असतो. हवे तेवढे कॅम्पस निवडायचे, प्रत्येकाचे ८० डॉलर, परदेशी अर्जदाराला ९५. पाच कॅम्पस म्हणजे परदेशी विद्यार्थ्याचे ४७५ डॉलर. एका कॅम्पसला तुम्ही दुसरीकडे अर्ज केल्याचं कळत नाही आणि प्रत्येक जण स्वतंत्र निर्णय घेतो. अर्ज करताना ट्रान्सक्रिप्ट पाठवायची नसते, शिफारसपत्रंही सर्वसाधारणपणे नकोत. गुण तुम्ही स्वतः भरता. गुणपत्रक समोर ठेवून भरा, आठवणीतून नव्हे. एखाद्या विषयात नापास होऊन पुन्हा दिला असेल तर दोन्ही नोंदी लिहा.

बाकी अनेक स्टेट युनिव्हर्सिटी कॉमन अ‍ॅप या अनेक विद्यापीठांच्या सामाईक अर्जावर आहेत. तिथे एक ६५० शब्दांपर्यंतचा निबंध आणि जास्तीत जास्त २० विद्यापीठं. पेन स्टेट, रटगर्स यांसारखी काही विद्यापीठं गुणांसाठी एसआरएआर नावाचा वेगळा तक्ता भरून घेतात. अर्ज पाठवला म्हणून निश्चिंत झालात आणि हा तक्ता राहिला, तर अर्ज अपूर्ण म्हणून पडून राहतो. अर्जानंतर विद्यापीठ एक पोर्टल उघडून देतं. तिथे काय मिळालं आणि काय राहिलं याची यादी असते. ती दर आठवड्याला बघायची.

कॉमन अ‍ॅपला 'काउन्सेलर', म्हणजे शाळेतर्फे माहिती देणारा मार्गदर्शक लागतो. आपल्या ज्युनिअर कॉलेजात असं पद बहुधा नसतं. प्राचार्य किंवा उपप्राचार्य ही भूमिका करू शकतात. त्यांचा ईमेल कॉलेजच्या अधिकृत पत्त्याचा असलेला बरा, साध्या जीमेलवर शंका घेतली जाते. त्यांच्यासाठी एक पानाचा 'स्कूल प्रोफाइल' तुम्हीच मसुदा करून द्या: बोर्ड कुठलं, वर्गात किती मुलं, पासची रेषा ३५, विज्ञान शाखेत ७५ टक्क्यांवर किती जण गेले. हे नसेल तर भौतिकशास्त्रातले ७४ गुण अमेरिकेतला वाचक त्याच्या सवयीने 'सी' म्हणून वाचू शकतो. प्राचार्यांना ऑक्टोबरात जागं करू नका. बोर्डाचे फॉर्म आणि सत्र परीक्षा तेव्हाच असतात.

उपक्रमांची जागा अगदी तुटपुंजी. कॉमन अ‍ॅपवर १० उपक्रम, प्रत्येकाला वर्णनाची १५० अक्षरं. यूसीत उपक्रम, पुरस्कार, नोकरी सगळं मिळून २० नोंदी. 'विज्ञान मंडळाचा सक्रिय सदस्य, विविध कार्यक्रमांत उत्साहाने सहभाग' या वाक्यातून काहीच कळत नाही. 'दर शनिवारी पाचवीच्या १८ मुलांना अपूर्णांक शिकवले, तीस आठवडे, सराव पत्रकं स्वतः तयार केली' हे वाचल्यावर मूल डोळ्यासमोर उभं राहतं. घरच्या दुकानात बसणं, आजोबांना दवाखान्यात नेणं, धाकट्या भावंडाला सांभाळणं हेही उपक्रमच आहेत. आपल्याकडे ते लिहायची लाज वाटते आणि त्याऐवजी पैसे भरून मिळालेली ऑनलाइन प्रमाणपत्रं लिहिली जातात. वाचणाऱ्याला दोन्हीतला फरक लगेच कळतो.

यूसीला मोठा निबंध नाही. आठ प्रश्नांपैकी चार निवडायचे, प्रत्येकाचं उत्तर ३५० शब्दांपर्यंत. नेतृत्व, सर्जनशीलता, एखादं कौशल्य, मिळालेली शैक्षणिक संधी किंवा आलेला अडथळा, आव्हान, आवडता विषय, समाजासाठी केलेलं काम, आणि आणखी काही सांगायचं असेल तर ते. हे निबंध नव्हेत, मुलाखतीतली उत्तरं समजा. उपमा, सुविचार, अब्दुल कलामांचं अवतरण यांत शंभर शब्द गेले तर उरलेल्यात माणूस मावत नाही. पहिल्याच वाक्यात काय केलं ते सांगा. चारही उत्तरं रोबोटिक्सवरच असतील तर तीन वाया गेली असं समजा, कारण चारांतून चार वेगळ्या बाजू दिसायला हव्यात.

मेजर (मुख्य विषय) कुठलं लिहायचं

मोठ्या स्टेट युनिव्हर्सिटीत इंजिनिअरिंग आणि कॉम्प्युटर सायन्सचा दरवाजा मुख्य दरवाजापेक्षा अरुंद असतो. सिअ‍ॅटलच्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये कॉम्प्युटर सायन्सला थेट प्रवेश मिळाला नाही तर नंतर आत शिरणं फार कठीण. 'आधी गणिताला घुसतो, मग बदलून घेतो' हा आपल्याकडे सर्रास दिला जाणारा सल्ला अशा ठिकाणी अंगाशी येतो. अर्जाआधी त्या विभागाच्या पानावर मेजर बदलण्याचे नियम वाचा. ते सापडत नसतील तर विभागाला ईमेल करा, उत्तर येतं.

तारखा

पर्ड्यूची लवकरच्या अर्जाची मुदत १ नोव्हेंबर, वॉशिंग्टनची १५ नोव्हेंबर. यूसीचा अर्ज १ ऑगस्टला उघडतो, पाठवता येतो १ ऑक्टोबरपासून, आणि मुदत ३० नोव्हेंबरच्या आसपास. २०२४ मध्ये ती २ डिसेंबर होती. मुदत कॅलिफोर्नियाच्या घड्याळाने रात्री ११.५९ ची असते, भारतात तेव्हा दुसऱ्या दिवशीची दुपार झालेली असते. म्हणून शेवटच्या रात्रीवर जाऊ नका. त्या तासांत संकेतस्थळ रेंगाळतं आणि बँक परदेशी व्यवहार अडवते. आईवडिलांच्या कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू आहेत का, हे आठवडाभर आधी बघा.

यूसीचे निकाल मार्चअखेरपर्यंत लागतात आणि जागा स्वीकारायची मुदत १ मे. महाराष्ट्र बोर्डाचा बारावीचा निकाल त्यानंतर येतो. घाबरायचं कारण नाही, प्रवेश तोवर तात्पुरताच असतो.

'अभिनंदन' आल्यानंतर

तात्पुरता या शब्दाकडे दुर्लक्ष करणारे दरवर्षी अडकतात. बारावीत सांगितलेले विषय पूर्ण करणं, ग्रेड घसरू न देणं, 'डी' किंवा 'एफ' (नापास) न आणणं, आणि अधिकृत ट्रान्सक्रिप्ट १ जुलैपर्यंत पोहोचवणं या अटी प्रवेशपत्रातच लिहिलेल्या असतात. २०१७ च्या उन्हाळ्यात यूसी अर्व्हाइनने ४९९ जणांचे प्रवेश मागे घेतले. त्यातले बरेचसे गुण घसरले म्हणून नव्हे, तर ट्रान्सक्रिप्टसारखे कागद वेळेत नीट न पोहोचल्याचं कारण देऊन. गदारोळ झाल्यावर कागदांमुळे अडकलेल्यांना परत घेतलं. दरवेळी असं होईल यावर विसंबू नये.

म्हणून ट्रान्सक्रिप्ट संस्थेकडूनच, बंद पाकिटात किंवा संस्थेच्या ईमेलवरून, दोन्ही ठिकाणची जाऊ द्या. कुरिअरची पावती जपा आणि पोर्टलवर 'मिळाली' दिसेपर्यंत पाठपुरावा करा. बारावीत एखादा विषय बदलला, सोडला किंवा त्यात कमी गुण पडले तर विद्यापीठाला लगेच कळवा. स्वतःहून कळवलेल्या घसरणीवर अनेकदा तोडगा निघतो. जुलैत कागदावरून उघड झालेल्या घसरणीवर क्वचितच निघतो.

परदेशी विद्यार्थ्याला यापुढे आय-२०, म्हणजे व्हिसासाठी विद्यापीठाने दिलेला फॉर्म लागतो. त्यासाठी पहिल्या वर्षाच्या पूर्ण खर्चाएवढे पैसे दाखवावे लागतात: बचत खातं, मुदत ठेव, मंजूर शैक्षणिक कर्जाचं पत्र. जमीन किंवा घराचं मूल्यांकन बँकेतली रोख रक्कम म्हणून धरलं जात नाही. खातं काकांच्या नावावर असेल तर त्यांचं हमीपत्र जोडा. आय-२० आल्यावर सेविसची (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची) ३५० डॉलर फी, मग व्हिसाची १८५ डॉलर फी, मग मुलाखत. आय-२० वरचं नाव आणि जन्मतारीख पासपोर्टशी जुळते का ते फी भरण्याआधी तपासा, कारण दुरुस्त आय-२० यायला दिवस लागतात आणि उन्हाळ्यात मुलाखतीच्या तारखा सहज मिळत नाहीत. विमानाचं तिकीट व्हिसा हातात आल्यावर काढा. नव्या विद्यार्थ्याला आय-२० वरच्या सुरुवातीच्या तारखेच्या जास्तीत जास्त ३० दिवस आधी अमेरिकेत शिरता येतं, त्याहून आधीचं नाही.